जांभळी रेघ

१

त्या रविवारी शिनगारे सरांच्या घरात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. सकाळपासून सर अंगणात मोबाईलची तिपाई मांडीवर घेऊन बसले होते. तिचा एक पाय ढिला झाला होता आणि सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून तो घट्ट करण्याचा त्यांचा खटाटोप चालला होता.

"अण्णा, नवी घ्या की," धनश्री ओट्यावरून म्हणाली. ती लातूरला विधी महाविद्यालयात ग्रंथपाल होती आणि सुट्टीला अंबाजोगाईला आली की आधी पुस्तक उघडायची, मग चप्पल काढायची.

"नवी घेतली तर ती मोबाईलबी नवा मागंल."

"पोरगी दोन महिन्यांनी आली," आतून कौशल्याबाईंचा आवाज आला, "अन् ह्यांनी त्या तिपाईला मांडीवर घेतलंय."

"पोरगी मांडीवर मावंना आता. पुस्तकासकट तर मुळीच न्हाई."

उत्तरेश्वर शिनगारे गावातल्या एका कॉलेजात खेळाचे सर होते. त्यांच्या कबड्डीच्या पोरांनी विद्यापीठाच्या संघात जागा मिळवल्या होत्या, कुणी पोलिसात गेलं होतं, कुणी रेल्वेत. प्रत्येक सामना ते मोबाईलवर टिपून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पोरांना बसवून दाखवत. मंगळवारी आंतरमहाविद्यालयीन सामना होता, त्याची ही तयारी.

दुपारी त्यांनी धनश्रीला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. बस हलताना खिडकीतून सीताफळांची पिशवी तिच्या मांडीवर टाकली आणि ओरडून सांगितलं, "वरची आज खा. खालची उद्याला पिकत्यात."

मंगळवारी त्या सामन्यात माऊली नावाचा खेळाडू मैदानातच कोसळला. त्याच्या डोक्यात रक्त साकळलं होतं; तातडीच्या शस्त्रक्रियेने जीव तेवढा वाचला. गुरुवारी सकाळी शिनगारे सर रिकाम्या मैदानाच्या कडेला बाकावर बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

धनश्री लातूरहून परत आली तेव्हा तिला काय झालंय ते कळत होतं, पण ते एकापुढे एक लागत नव्हतं. कुणी माऊलीबद्दल बोलत होतं, कुणी अण्णांबद्दल, आणि दोन्हींच्या मध्ये एक नाव दबक्या आवाजात येत होतं. उज्ज्वला.

२

तेरावं झालं आणि प्राचार्य बद्रीनाथ घरी आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, सरांच्या फोटोला नमस्कार केला आणि चहा अर्धा ठेवला. मग पिशवीतून टाईप केलेला एक कागद काढला.

"वहिनी, मैदानाला सरांचं नाव द्यायचं ठरलंय," ते म्हणाले. कौशल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "फक्त त्याआधी ही चौकशी मिटली पाहिजे. माऊलीच्या घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली आहे. धनश्री, तू शिकलेली आहेस. एवढं एक निवेदन दे."

धनश्रीने वाचलं. माझे वडील जखमी खेळाडूबाबत नेहमी परिचारिकेचा निर्णय अंतिम मानत. सदर दिवशी परिचारिका उज्ज्वला यांनी माऊलीस खेळण्यास मनाई केली नाही, त्यामुळे वडिलांनी त्यास मैदानात पाठवले.

"पहिलं वाक्य खरं आहे," ती म्हणाली. "दुसरं मला कसं माहीत असेल? मी लातूरला होते."

"अगं, सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या डावात माऊलीचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो औषधाच्या टेबलाशी गेला. तिथून परत आला अन् खेळला. तिने थांबवलं असतं तर सरांनी खेळवलं असतं का?"

"नसतं."

"मग झालं तर."

तसं पाहिलं तर झालंच होतं. तरी धनश्रीने पेन उचललं नाही. तिच्या कपाटांत याच विषयाचे निवाडे रांगेने उभे होते. पोरं परीक्षेच्या आधी ते मागायला येत. प्रशिक्षक कॉलेजचा कायम नोकर असेल तर त्याच्या हलगर्जीपणाची जबाबदारी कॉलेजवरही येते. बाहेरच्या संस्थेने दिवसापुरती पाठवलेल्या परिचारिकेच्या बाबतीत मात्र कॉलेजला हात झटकून मोकळं होता येतं.

"उज्ज्वला तुमच्या पगारावर आहेत का?" तिने सहज विचारलं.

प्राचार्यांनी उरलेला चहा संपवला. "ती कंत्राटी आहे. त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. मला दोन दिवस द्या."

ते गेल्यावर कौशल्याबाई म्हणाल्या, "सही करून टाकायची व्हती. कावून अडलीस?"

धनश्रीने कागद घडी घालून पुस्तकात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक बाई उभी होती. तिच्या हातात दुचाकीची किल्ली होती आणि ती सारखी या हातातून त्या हातात जात होती.

"मी उज्ज्वला," ती म्हणाली. "ताई, सही केलीत का?"

३

तिला घरात बसवायला कौशल्याबाई तयार नव्हत्या. म्हणून दोघी बाहेर पायरीवर बसल्या.

"मी माऊलीला नाही म्हणाले होते," उज्ज्वलाने सुरुवातच तिथून केली. "तो टेबलापाशी आला तेव्हा नीट चालत होता. हसत पण होता. कपाळावर टेंगूळ आलेलं. सामन्याआधी सर सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावतात, तो मी ओल्या कापसानं पुसला अन् बर्फ धरला. तर मला म्हणतो, ताई, कुणाबरबर चाललीय मॅच? मी सांगितलं. जरा वेळानं परत तेच. मग परत. मी त्याच्या मनगटावर रेघ मारली."

"कसली रेघ?"

"जांभळ्या औषधाची. सरांची अन् माझी ठरलेली खूण होती. आधी मी पट्टी बांधायची, पण पोरं लई बेरकी. बाकाखाली पट्टी काढून टाकायची अन् सरांना म्हणायची, ताई हो म्हणल्या. जांभळं औषध काय केल्या निघत नाही. जांभळ्या मनगटाचा पोरगा त्या दिवशी खेळणार नाही, हा नियम सरांनीच केलेला."

"तोंडी नाही सांगितलंत?"

"दुसऱ्या संघातल्या पोराचं बोट निखळलं होतं, त्याला मी मागच्या खोलीत नेलं. माऊलीला बाकावर बसायला पाठवलं. सर बघतीलच, असं वाटलं मला." किल्ली थांबली. "बाहेर आले तेव्हा तो चढाईला निघाला होता. मी ओरडले. तेवढ्यात..."

धनश्री आत जाऊन अण्णांचा मोबाईल घेऊन आली. त्यात तो सामना होता. गेल्या काही दिवसांत तिने तो इतक्यांदा पाहिला होता की कोण केव्हा शिट्टी मारतो हे तिला पाठ झालं होतं. बाक चित्राच्या चौकटीबाहेर राहिला होता, पण मैदानाच्या रेघेवरून आत येणारा प्रत्येक खेळाडू दिसत होता. माऊली आत आला तिथे तिने चित्र थांबवलं आणि बोटांनी मोठं केलं.

"कोणतं मनगट?"

"उजवं."

दोघी वाकल्या. मनगटावर जांभळं काहीच नव्हतं.

"तुम्ही खोटं बोलताय," धनश्री म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"मी कावून खोटं बोलू ताई?" उज्ज्वलाचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत. "माझी नोंदणी जाईल. पोलीस दोनदा घरी येऊन गेले. माझ्या पोरीच्या शाळेत बाया विचारायल्यात. खोटंच बोलायचं असतं तर पट्टी बांधली म्हणाले असते. पट्टी सुटली असं तरी म्हणता आलं असतं."

ती गेल्यावरही धनश्री त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसली. जांभळं नव्हतं हे खरं. पण मनगट कोरंही नव्हतं. त्यावर काहीतरी पिवळं होतं.

४

सरकारी दवाखान्यात माऊली खाटेवर उशीला टेकून बसला होता. डोकं भादरलेलं, टाक्यांची ओळ कानामागून गेलेली. त्याच्याजवळ त्याची आई साखराबाई होती. उमापूरकडची ही माणसं, मेंढरं राखणारी. बाप मेंढरांमागे रानात होता. कळप काही कुणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही.

"कोन पाव्हनी?" माऊलीने विचारलं.

"सरांची लेक हाय," आई म्हणाली.

"कोन्त्या सरांची?"

साखराबाईंनी धनश्रीकडे पाहून मान हलवली. "असंच करतंय. मला वळखतंय, कुत्र्याचं नाव घेतंय. कॉलेजचं इचारलं की पुसल्यागत."

धनश्रीला कसं विचारावं कळेना. पोलिसांत तक्रार देणाऱ्या बाईसमोर ती बसली होती, आणि ही बाई तिला संत्र्याच्या फोडी देत होती. शेवटी तिने सरळच विचारलं. "मावशी, त्या दिवशी ह्याच्या हाताला काही लागलेलं होतं का?"

"हाताला? भंडारा व्हता की. ह्या मनगटाला. डाक्तरीन म्हनली, सुई लावायचीय, हात धुवा. म्या धुतला तर पिवळं गेलं अन् खाली जांभळं निघालं. घासलं तरी जाईना. म्या म्हनलं शाई सांडली आसंल." तिने माऊलीचा हात उलटा करून पाहिला. "आता गेलं बघ."

धनश्रीने ते मनगट निरखून पाहिलं.

म्हणजे रेघ होती. उज्ज्वला खरं बोलत होती. धनश्रीला आधी हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची भीती वाटली. तिने पर्समधून मोबाईल काढला. सामन्याच्या सुरुवातीला माऊलीच्या कपाळावर भंडाऱ्याचा पट्टा होता आणि मनगट कोरं होतं. औषधाच्या टेबलाकडून आल्यानंतर उलटं झालं होतं. कपाळ स्वच्छ, टेंगूळ चकाकणारं, आणि मनगट पिवळं.

भंडारा देवाचा म्हणून लावला असता तर आधी कपाळाला लागला असता. कपाळ उघडं ठेवून फक्त मनगट कुणी माखत नाही. ज्याने ते माखलं त्याला आशीर्वाद द्यायचा नव्हता, रेघ झाकायची होती. आणि झाकायला आधी ती दिसावी लागते, तिचा अर्थ ठाऊक असावा लागतो.

माऊलीने स्वतः? कोणाशी सामना चाललाय हे ज्याला उमगत नव्हतं, तो खूण लपवायची युक्ती कुठून करणार? मग उरले बाकावरचे. त्यांत संघाचा कप्तान सत्यम होता. जिंकण्याची सगळ्यांत जास्त घाई त्यालाच असणार. धनश्रीने ते नाव मनात घट्ट धरलं. तिला ते हवंच होतं.

ती उठली तेव्हा साखराबाई म्हणाल्या, "तुजे वडील आलते बरं का. बुधवारी. भाईर बाकड्यावर बसून ऱ्हायले. म्या म्हनलं, आत या की सर. तर मान हलिवली अन् उठून गेले."

५

सत्यम मैदानावर सापडला. एकटाच चुन्याची रेघ मारत होता. धनश्रीला बघून त्याने चुन्याचं घमेलं खाली ठेवलं.

"जांभळी रेघ कुणी झाकली, सत्यम?"

तो दचकला नाही. जणू या प्रश्नाची वाट बघून दमला होता. "मीच," तो म्हणाला. "मी झाकली, ताई. सरांची पिशवी बाकावर व्हती. तितून भंडारा घेतला अन् लावला. तुमी मला पोलिसांकडं न्या."

"का झाकलीस?"

"हरायलो व्हतो ना. सगळी मॅच त्याच्यावर."

हेच तर तिला ऐकायचं होतं. ती बाकावर बसली. अण्णा ज्या टोकाला बसले होते त्या टोकाला नाही, दुसऱ्या. परत जाऊन हे सांगायचं आणि संपवायचं. उज्ज्वला सुटेल, अण्णा सुटतील.

तिने तरीही मोबाईल काढला. वाचायची सवय लागलेला माणूस पान पुरं केल्याशिवाय पुस्तक मिटत नाही, तसं काहीतरी झालं. माऊली आत येतो, त्याच्या पाठोपाठ सत्यम. सत्यमच्या दोन्ही हातांच्या बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"ही पट्टी केव्हा लावलीस?"

"मॅचच्या आदी. बोटं दुखतात माझी."

"मध्ये बदललीस?"

"न्हाई."

"मग ती पांढरी कशी? चिमूटभर भंडारा घेतला तरी बोटं पिवळी होतात. चिकटपट्टीचा डाग तर धुऊनही जात नाही."

सत्यमने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जसं काही पट्टी अजून तिथे होती.

धनश्रीने चित्र पुढे नेलं. आता तिला थांबता येत नव्हतं. माऊली चढाईला जातो, कुणाचा धक्का न लागताच गुडघ्यावर येतो, आडवा होतो. अण्णा धावत चौकटीत शिरतात. त्याला उचलून छातीशी धरतात. हे दृश्य तिने सगळ्यांत जास्त वेळा पाहिलं होतं, कारण त्यात अण्णा होते. स्ट्रेचर येतं, अण्णा हात काढतात. माऊलीची जर्सी पांढरी होती. तिच्या पाठीवर बोटं उमटली होती. पिवळी, ताजी; सामन्याआधी लावलेला भंडारा एव्हाना हातावरून झडून गेला असता. आधी बाहेर गेला तेव्हा ती पाठ कोरी होती. तिने ती बोटं आजवर पाहिली नव्हती असं नाही. माया म्हणून पाहिली होती.

"तू पाहिलंस," ती म्हणाली.

"ताई, कावून खोदायलात?" सत्यम खाली चुन्यातच बसला. "सर गेले. माणूस गेल्यावर काय ऱ्हातं? नावच ना? मी एकवीसचा हाय, मला काय व्हनार? लई तर एक वर्ष खेळ बंद."

"तू पाहिलंस का?"

"व्हय." त्याने चुन्यात बोटाने एक रेघ ओढली. "विद्यापीठाचे निवडवाले समोर बसलते. त्यांनी माऊलीला अजून नीट बघितलं नव्हतं. सर म्हणले, ह्याचं आज झालं न्हाई तर हा परत मेंढरांमागं जाईल. त्याचा हात धरला, रेघ बघितली. माऊली हसायलाच लागलेला, त्याला काय कळंना. सरांनी पिशवीत हात घातला. म्हणले, एक रेड मार अन् ये बे. एकच." त्याने नाक ओढलं. "वाईट माणसानं केलं असतं तर मी तवाच बोललो असतो, ताई. कुणी केलं ते बघूनच माझी जीभ अडकली."

६

कौशल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग तांदूळ निवडायला घेतले.

"म्हणजे मेलेल्या माणसाला तू पिंजऱ्यात उभं करनार."

"त्यांना शिक्षा होणार नाही, आई. त्यांच्यावरचा खटला आता चालतच नाही. कॉलेजला उत्तर द्यावं लागेल. माऊलीच्या उपचारांचं, पुढच्या आयुष्याचं."

"अन् मैदानाचं नाव?"

"ते राहणार नाही."

"लोक म्हनतील, पोरीनंच बापाचं नाव पुसलं."

"म्हणतील."

धनश्रीला वाटलं, आता आई रडेल किंवा ओरडेल, आणि दोन्हींपैकी काही झालं असतं तर ती कदाचित थांबली असती. कौशल्याबाई ताटातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या बाईला लेकरं हायत का?"

"एक मुलगी आहे."

कौशल्याबाईंनी निवडलेले तांदूळ डब्यात ओतले. सकाळी धनश्री उठली तेव्हा अण्णांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. तिने लावला नव्हता.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत होती. समितीचे तिघे एका बाजूला, साखराबाई भिंतीकडच्या खुर्चीवर अंग चोरून, उज्ज्वला दाराशी उभी. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. धनश्रीने आधी तिच्यासाठी खुर्ची ओढली. मग मोबाईल टेबलावर ठेवला आणि एकेक चित्र थांबवत बोलत गेली. आधीचं कपाळ आणि नंतरचं कपाळ. मनगट. साखराबाईंनी धुतलेला हात. सत्यमच्या पांढऱ्या पट्ट्या. पाठीवरची बोटं. तिच्या आवाजात चढउतार नव्हता. ग्रंथालयात विचारणाऱ्याला पुस्तकाची जागा सांगावी तशी ती सांगत होती. सत्यम बाहेर उभा होता आणि आत येऊन बोलायला तयार होता, हेही तिने सांगितलं.

प्राचार्य बद्रीनाथांनी चष्मा काढला. "धनश्री, तू दुःखात आहेस. माणूस अशा वेळी कशाचाही काहीही अर्थ लावतो. बोटांचे डाग म्हणजे काय पुरावा झाला? मी सरांना तुझ्या जन्माआधीपासून ओळखत होतो. जे गेले त्यांच्याबद्दल बोलतेयस, एवढं लक्षात ठेव."

"म्हणून तर बोलतेय. ते स्वतः आता बोलू शकत नाहीत."

"त्यांनी काय केलं असं तुझं म्हणणं आहे? एका वाक्यात सांग. नोंद करायची आहे."

एका वाक्याने ती अडली. एवढा वेळ रेघ, भंडारा, कपाळ, पट्टी अशी नावं घेऊन ती बोलत होती, आणि ज्याचं नाव घ्यायचं त्याच्या भोवतीने फिरत होती. टेबलावर अण्णांचा फोटो होता, नामफलकासाठी निवडलेला. त्यात ते उन्हामुळे डोळे बारीक करून कुणाला तरी काहीतरी सुनावत होते. धनश्रीला कळेना की ज्या माणसाने एका पोराला मेंढरांमागून सोडवण्यासाठी जीव ओतला, त्यानेच त्याला कॉलेजचं नावसुद्धा आठवणार नाही असं कसं केलं. हे दोन्ही एकाच माणसाने केलं होतं, एकाच हाताने. त्याची संगती तिला लागली नव्हती आणि लागेल असं वाटतही नव्हतं.

"बोल बाई," भिंतीकडून साखराबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या नुसत्या वाट बघत होत्या.

तिला जे वाक्य आता म्हणायचं होतं, ते शिनगाऱ्यांच्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. भीतीने नव्हे. अण्णा बहुतेक वेळा बरोबरच असत, आणि नसत तेव्हा समोरच्याला हसवून पुढे निघून जात. धनश्रीने खूप पुस्तकं वाचली, खूप लोकांशी वाद घातले, पण त्यांच्याशी कधीच नाही.

समितीच्या माणसाने पेन टेकवलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती फोटोकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अण्णा, तुम्ही चुकलात."